आधी सही, मग पाय

माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो. ताई म्हणते, तू जन्मलास तेव्हा रडला नाहीस, भांडतच बाहेर आलास. मी चोपन्न वर्षांचा आहे, केस पिकलेत, तरी ती मला चारचौघांत बारक्या म्हणते. तिचं चालतं. पण परवा गुळसाहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला 'आपला माणूस' म्हटलं, तेव्हा तो हात उचलून बाजूला ठेवावासा वाटला. ठेवला नाही. त्याच्याकडून एक काम करून घ्यायचं होतं.

गुळसाहेब म्हणजे संस्थेचा आमच्या जिल्ह्याचा व्यवस्थापक. हे नाव आम्हीच ठेवलंय, त्याच्या बोलण्यावरून. संस्था परदेशातली, मोठी. दहा-बारा देशांत काम करते, पाय नसलेल्यांना पाय देते. आणि मी पाय बनवणारा कारागीर. जिल्हा रुग्णालयाच्या मागच्या अंगणात एक लांबट खोली आहे, तिला सगळे 'पायांची खोली' म्हणतात. सव्वीस वर्षं मी तिथे पाय केले. खोली रुग्णालयाची, सामान संस्थेचं, हात माझे.

पाय कसा करायचा असतो ते सांगतो, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. माणूस आला की आधी बसवायचा. दोन शब्द बोलायचे. मग कापून उरलेल्या पायाला हात लावायचा, सगळीकडून, सावकाश. कुठे हाड वर आलंय, कुठे दुखतंय, ते बोटांना कळतं. मग प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायचा. त्या साच्यावरून भट्टीत मऊ केलेली प्लास्टिकची शीट ओढायची. पाय घालून चालवायचं, कातडी लाल झाली की तिथे घासायचं, परत चालवायचं. एका पायाला चार दिवस लागतात. आणि महिन्याने त्या माणसाला परत बोलवायचं, कारण नवीन कापलेल्या पायाची सूज दोन-तीन महिने उतरत राहते, आणि आज घट्ट बसलेला पाय पुढच्या महिन्यात बादलीसारखा हलायला लागतो.

संस्थेला हे सगळं दोन दिवसांत उरकायचं होतं. पाच महिन्यांपूर्वी शिबिर झालं. कंटेनर भरून तयार पाय आले. तीन मापांत. लहान, मध्यम, मोठा. बनियन घ्यावं तसे! मी गुळसाहेबाला म्हटलं, "साहेब, पाय असा मापात मिळत नसतो." तो गोड हसला. "तुमच्या पद्धतीने वर्षाला दीडशे लोक होतात. या पद्धतीने दोन दिवसांत चारशे. तुम्हीच सांगा, गरीब माणसाने किती थांबायचं?" माझ्या खोलीबाहेर वर्षाची रांग होती, हे खरंच होतं.

शिबिरात मीही होतो, पट्टे आवळायला. आणि आता जे सांगतो ते मी पाच महिने कुणालाच सांगितलं नव्हतं, ताईलासुद्धा नाही.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पन्नास-साठच लोक झाले. बाकीचे मैदानात, उन्हात, कुबड्यांवर. शेवटी एक टेबल होतं समाधानाचं. माणसाला पाय बसवला, दहा पावलं चालवला, की तिथे बसवून प्रश्न विचारायचे: पाय आरामदायक आहे का, टोचतो का, तुम्ही समाधानी आहात का. खाली सही नाहीतर अंगठा. तिथेच सगळं तुंबत होतं. कुणी म्हणे टोचतो, मग पट्टा सोडा, परत बसवा. एक आजोबा उन्हात चक्कर येऊन पडले. मी गुळसाहेबाला म्हटलं, "हे टेबल उचला आणि नावनोंदणीच्या शेजारी ठेवा. आत येतानाच सही घ्या. नाहीतरी सही सगळे करणारच आहेत."

होय, मीच म्हटलं. माझ्याच तोंडाने.

गुळसाहेबाने माझी पाठ थोपटली. टेबल हललं, रांग सुटली, लोक सावलीत आले. दोन दिवसांत चारशे बारा पाय वाटले आणि चारशे बारा लोक समाधानी निघाले. पहिले साठेक सोडले, तर पाय बघायच्या आधीच समाधानी!

त्या चारशे बारांत ताई होती.

माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो, तिने कॉलेज सोडलं आणि कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना इस्त्री करायला उभी राहिली. त्या इस्त्रीवर मी शिकलो. शिबिराच्या दोन महिने आधी कारखान्यात गठ्ठ्यांची हातगाडी तिच्या पावलावरून गेली, जखम सडली, आणि गुडघ्याच्या खाली वीतभर ठेवून पाय काढावा लागला. मी तिला म्हणत होतो, तू शिबिराला येऊ नकोस, अजून सूज आहे, थोडी थांब, मी करून देतो. पण कारखान्यातून निरोपावर निरोप येत होते, आणि तिला घरी बसून राहणं म्हणजे शिक्षा. "ढिला झाला की तू आहेसच की," ती म्हणाली. मलाही तेच वाटलं. मध्यम मापाचा पाय मीच तिच्या पायाला बांधला.

महिन्याने संस्थेचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की आमच्या जिल्ह्यात आता पायाची गरज असलेला एकही माणूस उरलेला नाही. सगळ्यांना मिळाला, सगळे समाधानी. मग पायांची खोली हवी कशाला? सामान बंद. खोलीत शिबिरातले उरलेले पाय खोक्यांत भरून रचले आणि दाराला संस्थेचं कुलूप. मला सांगितलं, तुमच्या सेवेबद्दल आभार. सध्या मी एका गॅरेजात स्कूटरच्या सीटांना कव्हरं शिवतो.

इकडे ताईचा पाय आटला आणि संस्थेचा पाय ढिला झाला. तिने आत फडकी कोंबली. माझ्यापासून लपवलं. आठ-आठ तास उभी राहायची आणि घरी येऊन दार लावून घ्यायची. मला कळलं तेव्हा हाडाच्या टोकावर रुपयाएवढी जखम होती. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तिच्यावर ओरडलो, स्वतःवर ओरडलो. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी जखम बघितली आणि मला बाजूला घेतलं. "हा पाय परत चढवला आणि जखम आणखी खोल गेली, तर पुढच्या वेळी गुडघ्याच्या वरून कापावं लागेल. नीट मापाचा पाय करून घ्या."

गुडघा असणं आणि नसणं यात काय फरक असतो, ते मला विचारा. गुडघा असला की माणूस जिना चढतो, खाली बसतो, दिवसभर उभा राहून काम करतो. तो गेला की चौसष्टाव्या वर्षी परत चालायला शिकता येईल याची काही खात्री नाही. ताईचा गुडघा वाचला पाहिजे. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

शेजारच्या जिल्ह्यातल्या संस्थेच्या केंद्रात तिला घेऊन गेलो. तिथल्या पोराने संगणकात तिचा नंबर टाकला आणि पडदा माझ्याकडे वळवला. 'पाय मिळाला. समाधानी. पुढचा पाय तीन वर्षांनंतर.' खाली तिची सही. मी म्हटलं, अरे, समोर बसलीये, तिची जखम बघ! तो म्हणाला, काका, जखमेसाठी इथे रकाना नाही.

तीन आठवडे ताईला घरात बसवून ठेवली. जखम कशीबशी मिटली. वर कांद्याच्या पापुद्र्यासारखी नवी कातडी आली. आणि नेमका त्याच वेळी गुळसाहेब गॅरेजात उगवला.

"परवा मुख्य कार्यालयातून तपासणीच्या बाई येताहेत," तो म्हणाला. "दहा लाभार्थी हवेत. ताईंना आणा. व्यासपीठावर फक्त वीस पावलं चालायचं, त्याचं चित्रीकरण होईल. बाकी तुम्ही आपलाच माणूस."

"त्या पायावर ती एक पाऊल टाकणार नाही."

तो जवळ सरकला. "खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. आठ दिवस उघडून देतो. भट्टी आत आहेच. तुमच्या हाताने तुमच्या ताईंना पाय करा, कुणी विचारणार नाही. वीस पावलं, बस."

मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. दिलं नाही. घरी येऊन ताईला सांगितलं आणि वर म्हटलं की मी नाहीच म्हणणार आहे.

"तू कोण नाही म्हणणारा?" ती म्हणाली. "पाय तुझा की माझा?"

"ताई, कातडी फाटेल."

"वीस पावलांत? चल. किल्ली मिळतेय ना? वीस पावलं काय, नाचून दाखवते त्या मेल्याला."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या विसरलीस?"

"त्या म्हणाल्या नीट पाय करून घ्या. तो तू किल्लीशिवाय कसा करणार? सीटकव्हरातून?" तिने मोजा मागितला. जाड, दोन पदरी, नवा. रात्रभर मी त्या पायाच्या आत फोमच्या पट्ट्या चिकटवत बसलो.

रुग्णालयाच्या सभागृहात सकाळी खुर्च्या मांडल्या होत्या. मागे मोठा फलक: 'पुन्हा आपल्या पायावर'. दहाही जणांना पहिल्या रांगेत बसवलेलं. शेजारी रिक्षावाला होता, त्याचा पाय मोठ्या मापाचा. माझ्या कानात म्हणाला, "घरी खुंटीला टांगलेला असतो. आज धूळ झटकून आणलाय." पलीकडच्या शिक्षिका बाई हसल्या. त्यांचाही माळ्यावरच असायचा.

बाई यायच्या आधी रंगीत तालीम. ताई चालली. वीस पावलं. मी मोजली. तोंडावर हसू, पाठ ताठ. कॅमेरावाला म्हणाला, प्रकाश बरोबर नव्हता, परत. मी उठलो. गुळसाहेबाने मला हातानेच बसवलं. ताई परत चालली. चौदाव्या पावलाला तिने खालचा ओठ आत घेतला. आई गेली तेव्हा, हिशेब सुटला नाही की, दाढ दुखली की, ती हेच करायची. मला तिचा तो ओठ माहीत आहे. ती खुर्चीवर येऊन बसली तेव्हा मी वाकून पायाच्या आत मोज्याला बोट लावलं. ओलं लागलं. बोट बघितलं. लाल.

"गप्प बस," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "झालंय आता. एकदाच राहिलंय."

तेवढ्यात तपासणीच्या बाई आल्या. सडपातळ, चष्मा, काखेत जाड फाइल. गुळसाहेबाने भाषण केलं. मग तो म्हणाला, आता आमच्या ताई आपल्याला चालून दाखवतील. ताई खुर्चीच्या हातावर भार देऊन उठायला लागली.

"एक मिनिट," तपासणीच्या बाई म्हणाल्या. "आधी मला एक शंका आहे. मी बरीच शिबिरं तपासली. चारशे बारापैकी चारशे बारा समाधानी, असं कुठेच पाहिलं नाही. आणि दुसरं." त्यांनी दुसऱ्या दिवसाचा एक फॉर्म वर धरला. "यावर सहीची वेळ सव्वानऊ आहे. पाय दिल्याची वेळ पावणेबारा. पहिले साठेक सोडले तर सगळ्या फॉर्मवर असंच आहे. हे कसं झालं?"

गुळसाहेब म्हणाला, "कारकुनी चूक असेल, मॅडम." आणि माझ्याकडे बघितलं. खिशावर हात ठेवून बघितलं. त्या खिशात किल्ली होती.

मला कळत होतं. तोंड उघडलं की किल्ली गेली, आणि वर दोष माझ्याच नावावर. गप्प बसलो की ताई परत चालणार. वीस पावलं. ती उभी होती, एका हाताने खुर्ची धरून, आणि ओठ आत घेतला होता.

"चूक नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "सह्या आधी घेतल्या. पाय बघायच्या आधी. ते टेबल मी हलवायला लावलं. मी. लोक उन्हात पडत होते म्हणून. साहेबांना ते आवडलं कारण रांग भराभर सरकली. तुमच्या त्या चारशे बारा कागदांना काडीचा अर्थ नाही, बाई. आणि त्याच कागदांवर तुम्ही माझी खोली बंद केलीत, आणि त्याच कागदामुळे माझ्या बहिणीला तीन वर्षं कुणी पाय देणार नाही. ताई, बस खाली!"

ती बसली. मी गुडघे टेकले, पट्टा सोडला, पाय काढला, मोजा उतरवला. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पलीकडच्या खुर्चीतल्या शिक्षिका बाईंनी आपलाही पाय काढून मांडीवर घेतला. मग रिक्षावाल्याने.

तपासणीच्या बाई बराच वेळ त्या जखमेकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता, खोटं कशाला बोलू. "मी हे सगळं अहवालात लिहीन," त्या म्हणाल्या. "शब्दन् शब्द. तीन महिन्यांत निर्णय होईल."

"तीन महिन्यांत तिचा गुडघा जाईल. आज ती खोली उघडा."

"मला तो अधिकार नाही."

"साहेब?"

"चौकशी सुरू झाल्यावर मी कसं उघडणार?" गुळसाहेब म्हणाला. गूळ कुठल्या कुठे गेला होता. "आणि चूक तुमची आहे, तुम्ही स्वतःच कबूल केलंत."

"केलं की! माझी चूक मी सांगितली, तुमची कोण सांगणार?" मी ओरडलो. "यांना अधिकार नाही, तुम्हाला अधिकार नाही. पाय वाटताना सगळ्यांना अधिकार होता! फोटोत उभं राहायला होता! चालेनासं झालं की बरे सगळ्यांचे हात वर?"

मी ताईच्या बगलेत हात घातला, दुसऱ्या बाजूने रिक्षावाल्याने आपल्या कुबडीसकट तिला धरलं, आणि आम्ही चार पायांवर तिघं मागच्या अंगणात गेलो. गुळसाहेब ओरडत मागे. कुलूप चांगलं जाडजूड होतं, संस्थेचं. पण कुलूप त्यांचं असलं तरी कडी माझी होती. सोळा वर्षांपूर्वी मीच बसवलेली, घाईत, चारही स्क्रू बाहेरच्या बाजूने. तेव्हा जुने कारागीर मला म्हणाले होते, अरे गाढवा, असं कुणी बसवतं का. गॅरेजातली हत्यारांची पिशवी खांद्याला होतीच. चार स्क्रू काढले आणि कुलपासकट कडी गुळसाहेबाच्या हातात दिली.

आत खोकीच खोकी. लहान, मध्यम, मोठा. ढकलून बाजूला केली. माझं बाक निघालं, त्याच्यामागे भट्टी, कोपऱ्यातल्या डब्यात प्लास्टरच्या पट्ट्या, झाकण घट्ट म्हणून अजून कोरड्या. शीट नव्हती. पण मोठ्या मापाचे पाय होते ना ढीगभर. त्यांची वाटी, म्हणजे उरलेला पाय आत बसतो तो भाग, भट्टीत मऊ करून साच्यावर बसवता येते. जखम भरायला आठ-दहा दिवस तरी हवेत, तोवर पाय तयार झाला असता. आज नुसता साचा हातात आला तरी पुरे होतं.

डॉक्टरीणबाईंना कुणीतरी बोलावून आणलं. त्यांनी जखम धुतली, वर औषधाची जाळी आणि जाड कापूस ठेवला, म्हणाल्या, हलक्या हाताने. ताईला बाकावर बसवलं. उरलेल्या पायाला हात लावला, सगळीकडून, सावकाश. पट्टी पाण्यात बुडवली, पिळली, गुंडाळायला लागलो.

"पोलीस येताहेत!" दारातून गुळसाहेब ओरडला.

"येऊ द्या," मी म्हटलं. "पट्टी कडक व्हायला दहा मिनिटं लागतात. तोवर ती हलणार नाही आणि मीही हलणार नाही. त्यांना चहा विचारा."

बाहेर बघितलं. ओसरीत बाकीचे लाभार्थी भिंतीला टेकून ओळीने बसले होते, आपापले पाय शेजारी काढून ठेवलेले. रांगच लागली होती, जुन्या दिवसांसारखी. तपासणीच्या बाई रिक्षावाल्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या, मांडीवर कोरा कागद. "पाय घरी नेल्यावर पहिल्या दिवशी काय झालं?" त्या विचारत होत्या. तो सांगत होता. त्या लिहीत होत्या. लिहू देत. उद्या हेच लोक माझ्यावर खटला भरतील, त्याचीही मला खात्री होती.

माझे हात थरथरायला लागले. राग होता, भीती होती, आणि पाच महिन्यांची ती एक गोष्ट बाहेर पडली होती. ताईने ते बघितलं.

"टेबल तू हलवलंस?" ती हळूच म्हणाली.

मी मान हलवली. वर बघवेना.

मग माझ्या डोक्यात एक टपली बसली, चौथीत बसायची तशीच, जोरात.

"त्याचं घरी बघते तुझ्याकडे," ती म्हणाली. "आता हात थरथरू देऊ नकोस, बारक्या. गुडघा माझा आहे."